विहिरींचा हिशेब झाला, लेकरांचा कधी?

मूल सहा महिन्यांचे झाले की आपल्याकडे उष्टावण होते. मामा बाळाला मांडीवर घेतो, वाटीतल्या मऊ भाताचे किंवा खिरीचे बोट त्याच्या ओठांना लावतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे डोळे भरून येतात. अन्नाशी मानवी जीवाची ही पहिली ओळख. हा दिवस आनंदाचा मानण्याची आपली रीत फार जुनी आहे. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर आणि झरी-जामणी, चंद्रपुरातील वरोरा, नांदेडमधील किनवट अशा तालुक्यांतील कित्येक गावांत हाच दिवस एका संथ विषप्रयोगाचा पहिला दिवस ठरतो. त्या दिवसापर्यंत बाळ आईच्या दुधावर असते. आईच्या पोटात कितीही फ्लोराइडयुक्त पाणी जात असले तरी तिच्या दुधात ते जवळजवळ उतरतच नाही. निसर्गाने बाळाभोवती उभारलेली ही तटबंदी आहे. भाताच्या पहिल्या घासाबरोबर ती ढासळते, कारण तो भात बोअरच्या पाण्यात शिजलेला असतो.

गेल्या काही दशकांत आपल्या शासनाने विहिरी मोजल्या, हापसे मोजले, 'बाधित वस्त्या' मोजल्या. पाण्याचे नमुने प्रयोगशाळांत गेले, आकडे आले, तक्ते भरले गेले. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालानुसार देशभर तपासलेल्या भूजलाच्या नमुन्यांपैकी सुमारे ९ टक्के नमुन्यांत फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळले. हे सर्व काम आवश्यकच होते. परंतु या साऱ्या हिशेबात एक आकडा कोठेही सापडत नाही. अमुक गावातील तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसाकाठी एकूण किती फ्लोराइड जाते, हा तो आकडा होय. विहिरीला फ्लोरोसिस होत नाही, लेकराला होतो, एवढी साधी गोष्ट आपल्या नियोजनातून निसटली आहे.

आठव्या वर्षीचा दात, दुसऱ्या वर्षीचे पाणी

काही वर्षांपूर्वी पांढरकवड्याच्या परिसरातील एका प्राथमिक शाळेत जाण्याचा योग आला. चौथीचा वर्ग होता. मुले हसरी, चुणचुणीत. पण हसताना त्यांतील निम्म्यांचा हात आपसूक तोंडावर जात होता. कारण विचारल्यावर कोणी बोलेना. अखेर एका मुलीने हात बाजूला केला. समोरच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि त्यांवर तपकिरी डाग होते. गुरुजी म्हणाले, "इकडच्या पाण्याचा गुणच तसा आहे." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, पाऊसपाण्याविषयी बोलावे तसे ते बोलले. दोष इतका अंगवळणी पडावा की त्याला 'गुण' म्हटले जावे, याहून अधिक दारुण काय असू शकते?

हे डाग घासून जात नाहीत. ते दातावर बसलेले नसतात. दाताच्या घडणीतच असतात. कायमच्या दातांचे कवच हिरडीच्या आत तयार होत असते तेव्हा रक्तातील अतिरिक्त फ्लोराइड त्या घडणीत बिघाड करते. वरच्या मधल्या दोन दातांसाठी सर्वांत नाजूक काळ साधारण पंधरा ते तीस महिन्यांच्या वयाचा मानला जातो. दात मात्र बाहेर येतात सातव्या-आठव्या वर्षी. याचाच अर्थ असा की, चौथीतल्या मुलीच्या दातावरील डाग हा ती दोन वर्षांची असताना प्यालेल्या पाण्याचा आणि खाल्लेल्या भाताचा दाखला असतो. डाग दिसतो त्या दिवशी उपाय करण्याची वेळ सहा वर्षांपूर्वीच टळून गेलेली असते.

आणि दात ही केवळ दर्शनी बाजू झाली. मोठा माणूस शरीरात शोषल्या गेलेल्या फ्लोराइडपैकी साधारण निम्मे मूत्रावाटे बाहेर टाकतो. वाढत्या वयाच्या लहान मुलाची हाडे मात्र त्यातील ८० टक्क्यांपर्यंत हिस्सा धरून ठेवतात. वाढणारे हाड कॅल्शियमसाठी भुकेलेले असते आणि आहारात कॅल्शियम कमी असले तर हानी अधिक होते. म्हणूनच एकाच विहिरीवरचे पाणी पिणाऱ्या सुखवस्तू घरातील मुलाच्या दातांवर केवळ डाग पडतात. तर कोलामांच्या पोडावरील अर्धपोटी मुलाचे गुडघे एकमेकांकडे वळू शकतात. विष एकच असते, पण त्याची किंमत गरिबाला जास्त मोजावी लागते.

लिटरचा नियम आणि दिवसाचा घोट

भारतीय मानक ब्युरोच्या नियमाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालवून घ्यावे, अशी सवलत आहे. आपल्याकडील रीतीप्रमाणे सवलतीचा नियम झाला आणि नियम कागदावर राहिला. दीडच्या आत आकडा आला की गाव 'सुरक्षित' ठरते आणि फाइल बंद होते.

आता हाच हिशेब लेकराच्या बाजूने मांडून पाहू. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९७ मध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी सर्व मार्गांनी मिळून दिवसाला १.३ मिलिग्रॅम, तर चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी २.२ मिलिग्रॅम ही फ्लोराइडची वरची मर्यादा सांगितली. झरी-जामणीतील अडीच वर्षांचे एक मूल डोळ्यांसमोर आणा. मे महिना आहे, पारा चव्वेचाळीसवर गेला आहे. प्यालेले पाणी, वरणात गेलेले, भाताने शोषलेले, दुधात घातलेले, चहातले असे सर्व मिळून सव्वा लिटर पाणी त्याच्या पोटात गेले असे धरू. पाण्यात फ्लोराइड दीड मिलिग्रॅम, म्हणजे सरकारी दृष्टीने 'चालण्यासारखे', असेल तर मुलाच्या पोटात दिवसाला सुमारे १.९ मिलिग्रॅम गेले. मर्यादेच्या जवळजवळ दीडपट! पाण्यात ३ मिलिग्रॅम असेल तर मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. आणि पाणी अगदी १ मिलिग्रॅमचे, म्हणजे नियमाप्रमाणे उत्तम असले, तरी काटा मर्यादेला जाऊन टेकतोच.

यात अन्नाचा वाटा अजून पुरता धरलेलाच नाही. भात शिजताना पाण्याची वाफ निघून जाते, फ्लोराइड जात नाही. ते शितांत राहते. पाणी उकळले की शुद्ध होते, ही आपल्या आयाबहिणींची समजूत जंतूंच्या बाबतीत खरी आहे. फ्लोराइडच्या बाबतीत ती नेमकी उलटी ठरते, कारण आटवलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. कापडाने गाळणे, तुरटी फिरवून गढूळपणा बसवणे किंवा घरगुती कँडलचा फिल्टर लावणे यांनीही ते हटत नाही. चहाची तर स्वतःची वेगळीच भर आहे. चहाचे झाड मातीतील फ्लोराइड पानांत साठवते. साध्या, निर्मळ पाण्यात केलेल्या काळ्या चहातही लिटरला १ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड सहज उतरते. सकाळी रडणाऱ्या पोराच्या हाती चहात बुडवलेला पाव किंवा टोस्ट देणारी माउली दोषी नाही. तिला हे कोणी सांगितलेलेच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही लिटरला १.५ मिलिग्रॅमच आहे, असे उत्तर अधिकारी देतात. तथापि त्याच संघटनेने हेही सांगितले आहे की प्रत्येक देशाने आपली मर्यादा ठरवताना तेथील लोक किती पाणी पितात आणि इतर मार्गांनी किती फ्लोराइड घेतात, याचा विचार करावा. खुद्द अमेरिकेने १९६२ मध्ये हवामानानुसार वेगवेगळी प्रमाणे ठरवली होती. उष्ण प्रदेशाला कमी, थंड प्रदेशाला जास्त. परकीयांचा आकडा आपण तत्परतेने घेतला. त्यामागचा विवेक मात्र तिथेच ठेवून आलो.

नव्वद वर्षांची ओळख

हे संकट काल-परवा उद्भवलेले नाही. तत्कालीन मद्रास प्रांतातील नेल्लोर भागातील लोकांची वाकलेली हाडे आणि तेथील पाण्यातील फ्लोराइड यांचा संबंध डॉ. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशाच प्रदेशातील मुलांचे गुडघे आत वळत असल्याची नोंद आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात केली. आपल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून पाण्यातील फ्लोराइड खाली बसवण्याची, पुढे 'नालगोंडा पद्धत' म्हणून जगभर ओळखली गेलेली, स्वस्त रीत सत्तरच्या दशकातच सिद्ध केली. ज्ञान आपल्याकडे होते, आपल्याच मातीत तयार झालेले होते. मग उणीव कशाची होती?

दरम्यान महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला. आटलेल्या विहिरींच्या जागी कूपनलिका आल्या. गावोगाव हापसे उभे राहिले. आज देशभर दिसणाऱ्या 'इंडिया मार्क दोन' हापशाचे पूर्वज तर आपल्या जालना आणि सोलापूरचे. या हापशांनी पटकी-अतिसारापासून असंख्य मुलांचे प्राण वाचवले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु खडक फोडून खोल गेलेल्या नळीने ग्रॅनाइट व तत्सम कातळांत युगानुयुगे मुरलेले पाणी वर आणले. उथळ विहिरीच्या आणि तळ्याच्या पाण्यात सहसा जे नसते, ते या खोल पाण्यात होते. जंतूंपासून वाचवण्यासाठी दिलेल्या पाण्याने हाडे धरली. ती कोणाची दुष्टबुद्धी नव्हती. पण पाणी उपसण्याआधी आणि नंतर त्याची परीक्षा न घेणे हा निष्काळजीपणा निश्चितच होता. केंद्र सरकारचा राष्ट्रीय फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम सुरू व्हायला २००८-०९ साल उजाडावे लागले. १९३७ ते २००८ हा सात दशकांहून अधिक काळ, म्हणजे किती पिढ्यांचे दात आणि किती पिढ्यांचे गुडघे, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

परक्यांचा वाद, आपली मुले

अमेरिकेत १९४५ पासून दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळण्याची पद्धत सुरू झाली. तिथे आता त्यावरून मोठा वाद पेटला आहे. २०२५ मध्ये युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी तर ती पद्धत बंदच केली. तिथला वाद लिटरला ०.७ मिलिग्रॅमचा आहे. आपल्या खेड्यांतील मुले त्याच्या दुप्पट-चौपट प्रमाणाचे पाणी निमूटपणे पितात. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने असा निष्कर्ष मांडला की, लिटरला १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइडच्या संपर्काचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध दिसतो आणि या निष्कर्षाबाबत मध्यम खात्री आहे. संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हे खरे. पण हा निष्कर्ष ज्या अभ्यासांवर उभा आहे ते अमेरिकेतील नाहीत. ते चीन, इराण, मेक्सिको, कॅनडा यांसारख्या देशांतील आणि आपल्या भारतातील मुलांवरचे आहेत. आपल्या लेकरांच्या आकड्यांवरून परक्यांनी आपल्या मुलांची काळजी करावी आणि आपण मात्र स्वस्थ बसावे, हा विरोधाभास मनाला झोंबणारा आहे.

टूथपेस्टचे तेच. फ्लोराइडयुक्त पेस्टने दातांची कीड कमी होते, हे निर्विवाद आहे. कोकणात किंवा मोठ्या शहरांत, जिथे पाण्यात फ्लोराइड अल्प आहे आणि मुलाला चूळ भरून थुंकता येते, तिथे तिचा उपयोगच आहे. परंतु जिथे पाण्यातूनच अतिरेक होतो, तिथे दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात त्याच पेस्टचा लांबलचक पट्टा का? आपल्या नियमांनुसार पेस्टमध्ये फ्लोराइड दशलक्ष भागांत १००० भागांपेक्षा जास्त नसावे. म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असू शकते. लहान मुलाला थुंकणे जमत नाही, गोड चवीची पेस्ट ते गिळते. त्यातील अर्धी जरी गिळली गेली तरी दिवसाच्या मर्यादेचा मोठा हिस्सा एका घासण्यातच संपला. तीन वर्षांच्या आतील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, असे दंतवैद्यक सांगते. जाहिरातीत मात्र ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची वेलांटी काढलेली असते. माल खपावा म्हणून काढलेल्या त्या वेलांटीची किंमत खेड्यातल्या मुलाने का मोजायची?

संयंत्रे आली, कुलपे लागली

उपाय झालेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्च २०१७ मध्ये देशातील सुमारे २८ हजार आर्सेनिक-फ्लोराइडबाधित वस्त्यांसाठी राष्ट्रीय उपमोहीम आखली गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये जल जीवन मिशन आले आणि बाधित वस्त्यांना पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी ८ ते १० लिटर शुद्ध पाणी तातडीने देण्याची तरतूद झाली. यातील 'स्वयंपाकासाठी' हा शब्द मोलाचा आहे. पण प्रत्यक्षात काय दिसते? गावात शुद्धीकरण संयंत्र बसते, फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात. काही महिन्यांनी पडदा बदलायचा असतो, वीजबिल भरायचे असते, आणि ती जबाबदारी नेमकी कोणाची हे कोणालाच ठाऊक नसते. संयंत्राला कुलूप लागते आणि बायाबापड्या पुन्हा हापशाकडे वळतात. यंत्र बसवणे हे काम आहे. ते रोज चालवणे ही व्यवस्था आहे. आपण कामाचे बिल काढतो, व्यवस्थेची फिकीर करीत नाही.

मनात आणले तर काय घडते याचे उदाहरण शेजारीच आहे. एकेकाळी फ्लोरोसिसचे दुसरे नाव असलेल्या नालगोंडा परिसरात आता कृष्णेचे पाणी नळाने पोहोचले आहे. तेलंगणातील नऊशेहून अधिक बाधित वस्त्यांची संख्या केंद्राच्या नोंदीनुसार २०२० मध्ये शून्यावर आली. ज्यांची हाडे आधीच वाकली ती सरळ होणार नाहीत. पण आज तिथे उष्टावण होणाऱ्या बाळाचे भवितव्य बदलले आहे. नालगोंड्याला जे साधते ते केळापूरला का साधू नये?

हिशेब लेकराचा हवा

म्हणून आमचे स्पष्ट मागणे असे आहे. पहिली गोष्ट, बाधित तालुक्यांतील प्रत्येक अंगणवाडीत आणि शाळेत खिचडी शिजते त्या पाण्याला १ मिलिग्रॅमचीच मर्यादा लागू करा. दीडची सवलत लहान मुलांच्या ताटापाशी येता कामा नये. दुसरी गोष्ट, शुद्ध पाण्याच्या वाटपात आठ वर्षांखालील मुलांची आणि गर्भवती मातांची घरे प्रथम धरा. तिसरी गोष्ट, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांना तपासतात. त्यांनी प्रत्येक गावातील सात-आठ वर्षांच्या मुलांचे समोरचे दात पाहून नोंद करावी, जिल्हा प्रयोगशाळेत मुलांच्या मूत्रातील फ्लोराइड तपासावे, आणि तो आकडा ग्रामसभेत जाहीर वाचून दाखवावा. पाणी सुधारले की नाही, हे कंत्राटदाराच्या दाखल्यावरून ठरू नये; लेकराच्या दातावरून ठरावे.

आणि अखेरचा, खरा उपाय खोलात नसून वर आहे. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसते. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव ही आपल्या पूर्वजांची जलनीती होती. गाळाने भरलेले ते मामा तलाव, गावतळी आणि बुजलेल्या उथळ विहिरी पुन्हा जिवंत करणे हे केवळ स्मरणरंजन नाही, ते आरोग्याचे काम आहे.

तोवर घराघरांत पोहोचण्यासारखे थोडे आहे, पण ते कमी मोलाचे नाही. मुलाला चहा नको. दूध, नाचणी, तीळ, तरोट्याची आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी, आवळा हे आपल्या रानाशिवारातले कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व त्याच्या ताटात हवे. चिंचेने मूत्रावाटे फ्लोराइड बाहेर पडण्यास मदत होते, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००२ मधील एका छोट्या प्रयोगात दिसले. ते औषध नव्हे, पण वरणात चिंच घालणाऱ्या आपल्या आजीला हसण्याचेही कारण नाही. मात्र आहार हा शुद्ध पाण्याला पर्याय नाही, हे बजावून सांगितले पाहिजे. नाहीतर शासन भाजीचे पत्रक वाटून मोकळे होईल.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण आहेत, त्यांचा तपासणी संच कोठे आहे आणि शेवटचा आकडा काय आला, एवढे तीन प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. समाज विचारू लागला की शासनाला उत्तर द्यावेच लागते.

आपण पाण्याला 'जीवन' म्हणतो. यंदाही केळापुरात, किनवटात एखाद्या घरी उष्टावण होईल, मामा वाटीत बोट बुडवील. त्या वाटीतला भात कोणत्या पाण्यात शिजला, याचे उत्तर सहा-सात वर्षांनी त्या बाळाचे दात देतील. ते उत्तर आपल्याला मान खाली घालायला लावणारे असू नये.